साध्या नकाशाला खेळात मानाची जागा द्या : रणनीतीचे खेळ घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भारतात रणनीतीचे व्हिडिओ गेम घडवणारे स्टुडिओ, त्यांतील रचनाकार, चित्रकार आणि प्रोग्रॅमर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात, एका खेड्यातल्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून स्ट्रॅटेजी गेम आवडीने खेळत आले आहे. हे पत्र एकाच मागणीसाठी लिहीत आहे. आपण यापुढे रणनीतीचा जो खेळ कराल, त्यात सपाट, चिन्हांचा, साधा नकाशा हा शेवटी उरलेल्या वेळात जोडलेला भाग नसावा. पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत संपूर्ण खेळ त्या नकाशावर खेळता यावा, आणि ज्याला तपशीलवार त्रिमितीय दृश्य नको आहे किंवा ज्याच्या संगणकाला ते झेपत नाही, त्याच्यावर ते डाउनलोड करण्याची सक्ती नसावी.

चित्रकारांनी हात आखडता घ्यावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ पाहिल्यावर, आपल्याकडच्या कलावंतांना तपशीलवार दृश्य किती सुंदर उभे करता येते याबद्दल शंका उरत नाही. मात्र तो धावण्याचा, उड्या मारण्याचा आणि शस्त्र चालवण्याचा खेळ आहे. तिथे खेळाडूची नजर नायिकेच्या पावलांवर खिळलेली असते. रणनीतीच्या खेळात नजरेचे काम वेगळे असते. आपले सैन्य कुठे आहे, पुढच्या गावी पोहोचायला त्याला किती चाली लागतील, मध्ये नदी आडवी येते का, रसद कोणत्या वाटेने येते, शेजारचा राजा कोणत्या सीमेवर माणसे गोळा करतो आहे, असे अनेक प्रश्न खेळाडू एकाच वेळी मनात घोळवत असतो. हे सारे प्रश्न वस्तूंमधल्या संबंधांचे आहेत, आणि संबंध दाखवायला नकाशाइतके चोख साधन दुसरे नाही. आमच्याकडे धुऱ्याचा किंवा पांदणीचा वाद निघाला, की कोणी वावराचे छायाचित्र घेऊन बसत नाही. गट क्रमांक आणि शिवेच्या रेषा असलेला गाव नकाशाच उघडला जातो.

हे खेळ घडवणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे. सिड मायर या रचनाकारांचा, शहरे वसवून राज्य वाढवण्याचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ मध्ये आला, तेव्हा त्याचा नकाशा वरून पाहिलेला, बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनी घरांचा होता. १९९६ च्या दुसऱ्या भागात तो तिरका झाला आणि २००५ च्या चौथ्या भागात त्रिमितीय. २०१० मध्ये पाचवा भाग षटकोनी घरे घेऊन आला, आणि त्याच भागात त्याच्या कर्त्यांनी ‘स्ट्रॅटेजिक व्ह्यू’ नावाचे सपाट दृश्यही दिले. एक कळ दाबली की झाडांची पाने, पाण्याची चमक, डोंगरांच्या सावल्या नाहीशा होतात आणि प्रत्येक घरात जमीन कसली आहे, तिथे कोणते खनिज किंवा पीक आहे, कोणते सैन्य उभे आहे, एवढेच स्पष्ट चिन्हांनी दिसते. २०१६ च्या सहाव्या भागातही ही सोय कायम राहिली. नवे शहर कुठे वसवावे याचा विचार करताना मी नेहमी या दृश्यात जाते, कारण तिथे लपलेले काही राहत नाही. उंच डोंगरामागचे घर झाकले जात नाही आणि दाट झाडीखालचे लोखंड नजरेतून सुटत नाही.

खरी गोम पुढे आहे. हे साधे दृश्य त्या जड खेळाच्या पोटात बसवलेले आहे. ते वापरायचे असेल, तरी आधी सगळा खेळ डाउनलोड करावा लागतो आणि ग्राफिक्स कार्डाची किमान अट पूर्ण करावीच लागते. म्हणजे ज्याच्यासाठी ही सोय सर्वांत मोलाची ठरली असती, तोच खेळाडू दाराबाहेर राहतो. आजचे काही मोठे खेळ शंभर गिगाबाइटच्या पुढे गेले आहेत. गावात मोबाइलच्या दररोज दीड गिगाबाइटच्या पॅकवर ज्याचे इंटरनेट चालते, त्याने त्यातला एकही थेंब दुसऱ्या कामाला न वापरता सगळा डेटा एका खेळावर घातला, तरी तो उतरवायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. शहरातील कार्यालयात बसून खेळाची आखणी करताना हा हिशेब डोळ्यांसमोर येत नसावा, म्हणून तो इथे मांडला.

संगणकाचेही तसेच आहे. खेड्यांतील बहुतेक लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते. प्रोसेसरच्याच आत बसवलेली चित्रप्रणाली मुख्य मेमरीतली जागा उसनी घेऊन काम करते. त्रिमितीय दृश्य सेकंदाला तीस ते साठ वेळा नव्याने रेखाटावे लागते, मग खेळाडू नुसता विचार करत बसलेला असला तरी. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हाळ्यात लॅपटॉप तापला, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. वीज गेली, की बॅटरी बघता बघता उतरते. याउलट पाळीपाळीने खेळायच्या खेळात सपाट नकाशा असेल, तर काही बदलल्याशिवाय तो पुन्हा रेखाटण्याची गरजच नसते. मोहरा हलला, सीमा सरकली, तेवढाच तुकडा नव्याने काढला की काम भागते. प्रोग्रॅमर मंडळींनी या मुद्द्यावर जरूर विचार करावा, कारण तो कलेच्या वादाबाहेरचा, निव्वळ कारागिरीचा आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. साधा नकाशा दिला म्हणजे सगळाच खेळ चपळ होईल, असे नाही. डाव उत्तरार्धात शिरल्यावर संगणकाची पाळी लांबत जाते, ती प्रामुख्याने डझनभर राज्यांच्या आणि शेकडो सैन्यतुकड्यांच्या चालींचे गणित प्रोसेसरला करावे लागते म्हणून. ते ओझे नकाशा साधा केल्याने हलके होणार नाही. पण ग्राफिक्सचे ओझे उतरले, तर निदान तापमान, बॅटरी आणि मेमरी यांना श्वास घ्यायला जागा मिळेल.

साधा नकाशा ही गरिबाची सोय आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. माझा सर्वांत मोठा आग्रह याच ठिकाणी आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या रणनीतीच्या खेळाचा दुसरा भाग स्पर्धांमध्ये खेळणारे निष्णात खेळाडू पाहा. त्यांच्यापाशी उत्तम संगणक असतात, तरीही झाडे बुटकी करणारे आणि जमिनीवर चौकटी आखणारे बदल ते आपल्या खेळात हौसेने घालून घेतात, कारण देखण्या झाडामागे लपलेला शत्रूचा एक सैनिक सगळा डाव उलटवू शकतो. ज्यांना दोन्ही परवडते, तेसुद्धा खेळ जिंकण्यासाठी साधेपणा निवडतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

‘हार्ट्स ऑफ आयर्न’च्या २०१६ च्या चौथ्या भागात दुसरे महायुद्ध चालते. तिथे जवळून पाहिले तर सैनिकांच्या त्रिमितीय आकृती दिसतात आणि दूर गेले की सैन्याच्या नकाशांवर वापरतात तशी आयताकृती चिन्हे येतात : आयतात फुली असली तर पायदळ, लंबगोल असला तर रणगाडे. शेकडो मैलांच्या आघाडीवर कुठे फट पडली आहे, हे त्या आयतांच्या रांगेतून क्षणात कळते. बंदूक घेऊन चालणाऱ्या आकृत्यांच्या गर्दीतून ते कधीही कळणार नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या भागात राजकीय सीमा, धर्म, व्यापार, भूप्रदेश असे एकाच जगाचे अनेक नकाशे पाळीपाळीने पाहता येतात. १४४४ पासून सुरू होणाऱ्या त्या खेळात आमचा गोंडवानाही आहे, आणि दख्खनचा व्यापार कोणत्या दिशेने वाहतो हे नुसत्या बाणांनी दाखवले आहे. वर्गात ज्याला एक संपूर्ण तास द्यावा लागतो, ते ते बाण एका नजरेत सांगतात.

या सर्वांत मला सर्वोत्तम वाटलेले उत्तर २००७ मधल्या ‘सुप्रीम कमांडर’चे आहे. क्रिस टेलर यांच्या चमूने त्यात माऊसचे चाक फिरवत एका रणगाड्याच्या साखळीपासून थेट संपूर्ण रणभूमीपर्यंत सलग वर जाण्याची सोय दिली. वर जाता जाता यंत्रांच्या आकृत्या विरघळतात आणि त्यांच्या जागी त्या त्या प्रकाराची चिन्हे येतात. तिथे साधा नकाशा आणि तपशीलवार दृश्य ही दोन वेगळी दालने नाहीत. खेळाडू त्या नकाशावरूनच हुकूम देतो, लढाई तिथूनच चालवतो आणि मनात आले तर खाली उतरून धूर-धडाका पाहून येतो. इतक्या वर्षांनंतरही फार थोड्या खेळांनी हा धडा गिरवला, याची खंत वाटते.

युद्धाच्या खेळाचा इतिहासही याच बाजूने बोलतो. प्रशियात राइसविट्झ नावाच्या सरदाराने १८१२ मध्ये आपल्या राजाला युद्धखेळाचे एक भव्य टेबल सादर केले. त्यावर उंचसखल भूभागाचे रंगवलेले ठोकळे मांडून हवी ती रणभूमी रचता येत असे. वस्तू राजवाड्याच्या शोभेची होती आणि ती राजवाड्यापुरतीच राहिली. पुढे १८२४ मध्ये राइसविट्झच्या, तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने हाच खेळ १:८००० प्रमाणाच्या कागदी नकाशावर आणला आणि सैन्यतुकड्यांसाठी निळे-तांबडे साधे ठोकळे घेतले. तो सेनाप्रमुखांना इतका पटला, की त्यांनी तो सैन्याच्या शिक्षणासाठी पुरस्कारला, आणि तिथून युद्धखेळांची सगळी परंपरा सुरू झाली. नकाशा कागदावर आला, म्हणून खेळ छावणीत जाऊ शकला. आपल्या खेळांनाही मोठ्या शहरांतील भारी संगणकांच्या बाहेर पडायचे असेल, तर त्यांचा मार्ग यापेक्षा वेगळा असेल असे मला वाटत नाही.

नकाशाविषयीची ही आस्था माझ्या तालुक्याच्या मातीतही आहे, म्हणून थोडे विषयांतर करते. १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणारे विल्यम लॅम्बटन नागपूरकडे जात असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारले आणि त्यांची कबर इथेच आहे. एक पायारेषा अतिशय काळजीपूर्वक मोजायची, मग टेकड्यांच्या माथ्यांवरून कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचे, हे त्यांचे काम. त्या आराखड्यात ना झाडे होती ना घरे; बिंदू आणि रेषा एवढेच होते. परंतु पुढचे सगळे तपशीलवार नकाशे त्या बिंदू-रेषांवर उभे राहिले. आधी सांगाडा, मग तपशील, हा क्रम खेळ घडवतानाही पाळता येईल.

आता आपल्याच प्रदेशातला एक प्रसंग घेते, कारण त्यावर भारतीय स्टुडिओने खेळ करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांचे सैन्य मागे हटले. त्यानंतर मेळघाटातील गाविलगडावर आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन हे इंग्रज सेनानी चालून आले. गडाच्या दक्षिणेला उभे कडे आहेत. उत्तरेकडे मात्र बाहेरचा कोट आणि त्याला लागून पठार. वेलस्ली दक्षिणेला राहिला आणि स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरदऱ्यांतून वाट काढत, अवजड तोफा ओढत, गडाला वळसा घालून उत्तर गाठली. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाडचे भवितव्य बदलले.

या प्रसंगावर खेळ करायचा, तर त्याचा गाभा कुठे आहे? तो त्या वळशात आहे. तोफा किती दिवसांत उत्तरेला पोहोचतील, वाटेत पाणी कुठे आहे, गडावरच्या सैन्याने त्या वाटेवर आधीच छापे घालावेत की तटाच्या आत थांबावे, दक्षिणेची हालचाल खरी मानावी की हूल, हे सगळे प्रश्न समोच्चरेषा, वाटा आणि अंतरे दाखवणाऱ्या साध्या नकाशावरच नीट विचारता येतात. गडाच्या दरवाजावरचे कोरीव काम, तटाचे दगड, मेळघाटातल्या सागवानाची दाटी हेही दाखवाच. ते पाहून विदर्भातील प्रत्येक मुलाचा ऊर भरून येईल. पण ते जवळ गेल्यावर दिसू द्या. वळशाचा निर्णय घेताना सागाची पाने वाटेच्या रेषेवर येऊ नयेत, इतकेच मागणे आहे.

तपशीलाची बाजूही खरी आहे. ‘टोटल वॉर’ मालिकेत लढाई प्रत्यक्ष मैदानावर होते आणि तिथे उतार, झाडीचा आडोसा, टेकडीवर उभे असलेले तिरंदाज यांना अर्थ असतो. ती जमीन डोळ्यांना दिसावीच लागते. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठ्यांचे राज्य खेळायला मिळाले, तेव्हा आपल्या घोडदळाची दौड पाहून मलाही भरून आले होते. ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या भागाने शहराचे विभाग नकाशावर पसरवले आणि त्यांना ठळक रंग दिले, विद्येचा विभाग निळा, सैन्याचा तांबडा, त्यामुळे चित्र पाहताच शहराचा स्वभाव कळतो. असा तपशील काहीतरी सांगतो आणि म्हणून तो हवाच. २०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागातील शहरे त्याहून देखणी आहेत, परंतु त्यांतली कोणती इमारत कशाची हे चटकन ओळखू येत नाही, अशी तक्रार पुष्कळ खेळाडूंनी केली. देखणेपणा आणि सुवाच्यता यांत ओढाताण झाली, तर रणनीतीच्या खेळात सुवाच्यतेला झुकते माप मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग नेमके काय करावे? खेळाचा पहिला नमुना साध्या नकाशावर बांधा आणि तो तिथे पूर्ण खेळता येतो याची खात्री झाल्यावरच त्रिमितीय काम हाती घ्या. जड चित्रांचा संच वेगळा ठेवा. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागाच्या २०१९ च्या आवृत्तीने अतितपशीलवार चित्रे स्वतंत्र, मोफत संच म्हणून दिली होती, तेव्हा हे अशक्य नाही. चिन्हे कधी यावीत आणि आकृती कधी दिसाव्यात, ते अंतर खेळाडूला ठरवू द्या. राज्ये आणि प्रदेश केवळ रंगांनी वेगळे दाखवू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुले प्रत्येक शाळेत असू शकतात, आणि तिरक्या रेषा, ठिपके, जाड-बारीक सीमा यांनी त्यांची अडचण सहज दूर होते. साधा नकाशा नावांवर चालतो, म्हणून ती नावे मराठीत आणि शुद्ध उमटू द्या. जोडाक्षरे तुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली पाहिली, की त्या खेळात आपल्याला कोणी गृहीतच धरलेले नाही असे वाटते.

हे सारे करणे खर्चाचे आहे, असे कोणी म्हणेल. ‘सिव्हिलायझेशन’च्या धर्तीवरचा ‘फ्रीसिव्ह’ हा मुक्त खेळ १९९६ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे आणि ‘अनसिव्ह’ हा दुसरा मुक्त खेळ साध्या षटकोनी नकाशावर ‘सिव्हिलायझेशन’च्या पाचव्या भागाचा बहुतेक सगळा डाव साध्या अँड्रॉइड फोनमध्ये बसवतो. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा खेळ २००६ पासून नुसत्या अक्षरचिन्हांवर खेळला गेला, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला, आणि २०२२ मध्ये त्याची चित्ररूप आवृत्ती आल्यावरही अक्षरांचा मूळ खेळ मोफत मिळत राहिला. माझ्या शाळेतील मोठ्या वर्गांची काही मुले सुट्टीत घरच्या फोनवर ‘अनसिव्ह’ खेळतात आणि नदीकाठी शहर का वसवायचे, खिंड का अडवायची, याचे वाद वर्गात येऊन घालतात. त्यांना कोणी चित्रांचे आमिष दाखवलेले नाही.

आपल्यापैकी कोणी असा खेळ घडवत असेल, तर तो प्रकाशित होण्यापूर्वी ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर आणि सामान्य फोनवर जरूर चालवून पाहावा, आणि त्यासाठी खेळाडू हवे असतील तर खेड्यांतील शाळांना विचारावे. कोणते चिन्ह कळले नाही, कुठे नाव वाचता आले नाही, कोणत्या चालीला खेळ अडला, याची नोंद आमची मुले वहीत व्यवस्थित करून देतील. आपल्या उत्तराची मी वाट पाहत आहे.

आपली विश्वासू,
एक इतिहास-भूगोल शिक्षिका
ता. हिंगणघाट, जि. वर्धा